कोल्हापूरचं विमान तासभर काय करतं?

प्रश्न : मुंबई-कोल्हापूर हवाई अंतर जेमतेम ३०० किलोमीटर. ताशी ८०० किलोमीटरने वीसेक मिनिटं पुरावीत. मग तिकिटावर तासभर का?
– एक वाचक, अंधेरी (पूर्व)

उत्तर : तुमचा भागाकार बरोबर आहे. पण तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावर थांबेपर्यंतची असते. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे रांग आलीच. शिवाय विमान एटीआरसारखं पंख्याचं असेल, तर ते ताशी ५०० किलोमीटरच्या आसपासच उडतं. तरीही विमानानेच लवकर पोहोचता. रस्त्याने पावणेचारशे किलोमीटर पडतात. विमान जमलं नाही, तर दादरहून रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस आहेच. आता नवी मुंबईचा विमानतळही सुरू झालाय. त्यामुळे सहारच्या जुन्या विमानतळाकडे निघण्याआधी तिकिटावरचं विमानतळाचं नाव नीट वाचा.