लांबी मोजायची, पण कोणती?

'पुणे' या शब्दाची लांबी किती? डोळ्यांना दोन अक्षरं दिसतात. युनिकोडमध्ये मात्र ती चार कॅरेक्टर्स आहेत : प, उकार, ण आणि मात्रा. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकाला ३ बाइट्स लागतात, म्हणजे एकूण १२ बाइट्स.

हा घोळ मला डीएफडीएलमध्ये नीट कळला. फाइलमधला डेटा कसा मांडला आहे, याचं वर्णन करणारी ही भाषा ओपन ग्रिड फोरमने तयार केली. समजा, गावाच्या नावाला २० बाइट्सची ठरावीक जागा आहे आणि उरलेल्या ८ बाइट्समध्ये स्पेस भरल्या आहेत. लांबी विचारायला इथे दोन फंक्शन्स आहेत. 'व्हॅल्यू-लेंग्थ' या स्पेस वगळते. उत्तर १२ बाइट्स. 'कंटेंट-लेंग्थ' त्यांनाही धरते, उत्तर २०.

आता एकक बदलून कॅरेक्टर्समध्ये विचारा. पहिली सांगते ४, दुसरी सांगते ४ अधिक ८, म्हणजे १२! गंमत बघा, १२ हा आकडा दोनदा आला, पण दोन वेगळ्या प्रश्नांचं उत्तर म्हणून. नुसता आकडा बघून तपासणाऱ्याला सगळं बरोबरच वाटेल.

नुकसान कुठे होतं? हेडरमध्ये २० ऐवजी १२ लिहिले आणि वाचणाऱ्याने तेवढेच बाइट्स उचलले, तर पुढचं फील्ड त्या ८ स्पेसपासून सुरू होईल. तिथून पुढे अख्खं रेकॉर्ड सरकलं!

म्हणून 'लेंग्थ' दिसली की आधी दोन गोष्टी विचारा : भरलेल्या स्पेस धरून की वगळून? बाइट्स की कॅरेक्टर्स? मगच कोड लिहायला घ्या.