चित्रकलेचा विद्यार्थी आणि सोशल मीडिया

बारावीनंतर कलेच्या वाटेने जाऊ इच्छिणाऱ्या मुलांच्या घरात हल्ली एक वाद हमखास होतो. मुलगी म्हणते, 'इन्स्टाग्रामवर चित्रे टाकली नाहीत तर आपल्याला ओळखणार कोण?' वडील म्हणतात, 'मोबाइल बाजूला ठेव आणि हात चालव.' दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. मात्र कोणती गोष्ट कोठे उपयोगी पडते, हे आपण आधी समजून घेतले पाहिजे.

महाराष्ट्रात चित्रकलेच्या पदवी प्रवेशासाठी राज्याच्या सीईटी कक्षामार्फत प्रवेश परीक्षा होते. तीत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि सामान्यज्ञान हे विषय असतात. तेथे परीक्षकासमोर फक्त विद्यार्थ्याचा कागद असतो. दहा हजार फॉलोअर्सना एकही गुण नाही. उलट, परदेशातील अनेक संस्था पोर्टफोलिओ, म्हणजे निवडक कामांचा संच, मागवतात. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइन १२ ते २० कामे मागते व त्यांत कच्ची रेखाटनेही पाहू इच्छिते. असा संच तयार करण्यासाठी सोशल मीडियाचा खरा उपयोग होतो. त्यासाठी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१) कामाचे खाते वेगळे ठेवावे. त्यात घरचे फोटो, पत्ता, मोबाइल क्रमांक देऊ नये. चित्राखाली माध्यम, आकार व तारीख लिहावी. वर्षभरात हाताची प्रगती किती झाली, हे त्यावरून आपोआप दिसते.

२) कच्चे कामही जपावे. पहिले रेखाटन, फसलेला रंग, दुरुस्ती यांचे फोटो क्रमाने ठेवले, तर विद्यार्थी विचार कसा करतो ते कळते.

३) मूळ फोटो पुसू नये. इन्स्टाग्राम मोठा फोटो १०८० पिक्सेल रुंदीपर्यंत लहान करते. चांगल्या छपाईला इंचाला ३०० पिक्सेल लागतात. म्हणजे तो फोटो जेमतेम साडेतीन इंचच छापता येईल. चित्राचा फोटो सावलीतल्या दिवसाच्या उजेडात, समोरून सरळ काढावा आणि मूळ प्रत पेन ड्राइव्हवर जतन करावी.

४) नक्कल आपली म्हणून दाखवू नये. सरावासाठी दुसऱ्याचे चित्र उतरवले असेल, तर तसे स्पष्ट लिहावे आणि पोर्टफोलिओत ते घालू नये. मुलाखतीत दोन प्रश्नांतच खरे-खोटे उघडे पडते.

५) हक्क ओळखावेत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे सर्वसाधारणपणे चित्र काढणाराच त्याचा पहिला मालक असतो. त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. परंतु मोबदला घेऊन कुणाच्या सांगण्यावरून व्यक्तिचित्र काढले, तर वेगळा करार नसल्यास हा हक्क काम सांगणाऱ्याकडे जातो. म्हणून ऑर्डर घेतानाच 'हे चित्र मी माझ्या पोर्टफोलिओत दाखवीन' असे लेखी ठरवून घ्यावे. साधा व्हॉट्सअ‍ॅप संदेशही पुराव्यासाठी जपून ठेवावा.

६) फसवणुकीपासून सावध राहावे. 'तुमचे चित्र प्रदर्शनासाठी निवडले आहे, आधी फी भरा' किंवा 'चुकून जास्त रक्कम पाठवली, फरक परत करा' असे संदेश आले, तर पैसे पाठवू नयेत. ओटीपी कोणालाही देऊ नये.

पालकांना आमची विनंती आहे की मोबाइल सरसकट काढून घेऊ नये. लग्नपत्रिका, पाट्या, सुलेखन, पुस्तकांची मुखपृष्ठे अशी छोटी कामे याच मार्गाने मिळतात आणि त्यांतून रंग-कागदाचा, कधी फीचाही काही भार उचलला जातो. मात्र वेळेची विभागणी घरातच ठरवावी. आठवड्यातून एक दिवस, तासभर, चित्रे टाकण्यासाठी व ग्राहकांना उत्तरे देण्यासाठी पुरतो. बाकीचे सहा दिवस घड्याळ लावून वस्तुचित्राचा सराव करावा, कारण परीक्षेच्या दालनात मोबाइल बाहेरच ठेवावा लागतो.