घराच्या नकाशांतील मापें

घर बांधतांना आमचे शेतकरी बंधु दगड, विटा व लांकूड यांचा भाव चार ठिकाणीं विचारतात. परंतु खोल्यांचीं मापें मात्र गवंड्यावर सोंपवितात. पुढें अडचण होते ती येथेंच.

प्रथम पाहावें कीं, नकाशांतील माप भिंतीच्या बाहेरून धरलें आहे कीं आंतून. छत्रपति संभाजीनगर जिल्ह्यांत काळा दगड सर्वत्र मिळतो. त्याची भिंत दीड फूट जाड घातल्यास बाहेरून १२ फूट लांब व १० फूट रुंद अशी खोली आंतून ९ फूट लांब व ७ फूट रुंदच उरते. १२० चौरस फुटांचे ६३ होतात. राष्ट्रीय बांधकाम संहितेप्रमाणें घरांतील एक तरी राहती खोली ९.५ चौरस मीटर, म्हणजे सुमारें १०२ चौरस फूट असावी. आंतून १२ फूट लांब व ९ फूट रुंद खोली ठेविल्यास १०८ चौरस फूट मिळतात. मात्र तिला बाहेरून १५ फूट व १२ फूट जागा धरावी लागते.

आमची सूचना अशी कीं, पाया खणण्यापूर्वीं खुंट्या ठोकून सुतळी ताणावी व भिंतींच्या दोन्ही कडा फक्कीनें आंखाव्या. वरील खोलीचा आंतील कर्ण दोन्ही बाजूंनीं १५ फूट भरला, म्हणजे कोपरे काटकोनांत आहेत असें समजावें. नंतर आंखलेल्या जागेंत बाज व धान्याची कणगी ठेवून, दार उघडून वावरण्यास वाट उरते कीं नाहीं, हें घरांतील स्त्रियांकडून पाहवून घ्यावें. फक्कीची रेघ हलविण्यास खर्च नाहीं. भिंत हलविण्यास हंगामाचें उत्पन्न जातें.