अजून अर्धी घे की रे!

गेल्या दिवाळीच्या पहिल्या अंघोळीची गोष्ट. मुलाला पाटावर बसवून उटणं लावत होते. मानेच्या मागच्या घडीत काळपट पट्टा दिसला. वाटलं, मळ साचलाय. उटणं घेऊन घासला. निघेना म्हणून आणखी जोरात घासला. मान लाल झाली, पट्टा तसाच. तेव्हा तो हळूच म्हणाला, "आई, मी रोज घासतो गं तिथं. निघतच नाही."

नऊ वर्षांचं लेकरू रोज न्हाणीत एकटंच आपली मान घासत होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता. वर्गातली पोरं त्याला 'मळका' म्हणत होती. 'जाड्या' तर आधीपासूनच म्हणत होती. तेही मला त्याच दिवशी कळलं.

दिवाळीनंतर खोकल्यासाठी डॉक्टरांकडं गेलो. मान त्यांनीच पाहिली. म्हणाले, "ताई, हा मळ नाही. वजन फार वाढलं की शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, मग ते जास्त तयार होतं. त्याची खूण अशी मानेवर, काखेत दिसते. घासू नका." रक्त तपासलं, साखर ठीक निघाली. उंची आणि वजन घेऊन त्यांनी वयाच्या तक्त्यावर एक टिंब मांडलं. ते टिंब सगळ्यात वरच्या रेषेच्याही वर होतं.

"थायरॉईड असेल का?" मी विचारलं. आपण सगळेच हे विचारतो. मनात आशा असते, एखाद्या गोळीनं सुटलं तर बरं. त्यांनी समजावलं, थायरॉईड बिघडला तर उंचीही खुंटते. याची उंची छान वाढतेय, म्हणजे ती शक्यता कमी. मग जे म्हणाले ते मी अजून विसरले नाही: "याला बारीक करायच्या मागं लागू नका. उपास नको, डाएट नको. वजन आहे तिथं थांबलं तरी पुष्कळ. उंची वाढत जाईल तसं अंग आपोआप जुळून येईल."

घरी आले आणि स्वयंपाकघरात बसून राहिले. कुठं चुकलं, हेच मनात फिरत होतं. मी काही त्याला उपाशी ठेवलं नव्हतं. उलट, पोटभर खाऊ घातलं म्हणूनच हे झालं का?

आपल्या बीडकडं खाऊ घालणं म्हणजे माया. त्याला कारण आहे. माझ्या सासूबाई १९७२ च्या दुष्काळात दहा-बारा वर्षांच्या होत्या. आईबरोबर खडी फोडायच्या कामावर जायच्या. रेशनवर मिलो मिळायचा, अमेरिकेतून आलेली ती लाल ज्वारी. कामावर सुकडी नावाचा कोरडा खाऊ वाटायचे. त्या अजून सांगतात, सुकडी ओढणीत बांधून धाकट्या भावासाठी घरी आणायच्या, वाटेत एक कणही तोंडात टाकायच्या नाहीत. अशा बाईला नातवाच्या पानात अर्धी भाकर वाढू नका, असं कसं सांगायचं? मी एकदा सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, "लेकराच्या पानात मोजून वाढत नसतेत, माय." त्यांचं खरं होतं. ज्या पिढीनं भूक पाहिली, तिच्यासाठी भरलेलं ताट म्हणजे लेकरू जगल्याची खात्री.

आणि भूक आपल्या जिल्ह्यातून गेलेली नाही. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. बैलगाड्यांत, ट्रॅक्टरांत संसार भरून माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. काही लेकरं सोबत जातात, काही आजी-आजोबांजवळ राहतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या शंभरांतल्या छत्तीस मुलांचं वजन कमी होतं. त्याच पाहणीत जास्त वजनाची मुलं शंभरात चार होती. त्याआधीच्या पाहणीत ती दोन होती. एकाच गावात, कधी एकाच गल्लीत, एक लेकरू कमी खातंय आणि दुसरं नको ते जास्त खातंय. दोघांच्याही हातात बिस्किटांचं नाहीतर कुरकुऱ्यांचं पाच रुपयांचं तेच पुडकं आहे.

हे पुडकं आपणच दिलेलं असतं, हे कबूल करायला हवं. सकाळी साडेसहाला शाळेची गाडी येते, पाणी येण्याची वेळही तीच, डबा व्हायचा असतो. मग डब्यात बिस्किटं, नाहीतर दोन मिनिटांच्या शेवया. संध्याकाळी आपण थकून येतो आणि पोरगं रडायला लागतं. दहा रुपये हातावर ठेवले की घर शांत होतं. २०१७ च्या मे महिन्यात राज्य सरकारनं शाळांच्या उपाहारगृहांतून जास्त तेल, मीठ, साखरेचे पदार्थ बंद केले. पण आपल्या हातातल्या नोटेला तो नियम लागू नाही.

मी एक दिवस त्याच्या खाण्यातली फक्त साखर मोजली. सकाळचा चहा दोन चमचे, सोबत टोस्ट. दुपारी बिस्किटं. चारला पुन्हा चहा. संध्याकाळी पाहुणे आले म्हणून अडीचशे मिलीची थंड पेयाची बाटली. त्या एका बाटलीतच पाच-सहा चमचे साखर असते. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत असावी, जमलं तर पाच. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला पाच टक्के म्हणजे साधारण पाच चमचे. आमच्या घरी तेवढी साखर संध्याकाळ व्हायच्या आधीच संपत होती. भाकरीवर बोट ठेवत होते मी, आणि दोष कपात होता.

म्हणून आम्ही सुरुवात चहापासून केली. एकदम बंद केला नाही, भांडणं झाली असती. दोन चमच्यांचा दीड, मग एक. महिन्याभरानं तो स्वतःच म्हणाला, "मला दूध दे, हा चहा काही गोड लागत नाही." थंड पेय घरात आणणंच सोडलं. घरात नाही तर मागायचं कुणाकडं? फ्रिजमध्ये ताकाचा तांब्या ठेवला, जिऱ्याची पूड घालून.

डब्याचंही असंच हळूहळू झालं. मी माहेरची अंबाजोगाईची. आमच्याकडं वेळ अमावस्येला भज्जी करून रानात जेवतात. नाना कडधान्यं, मिळतील त्या पालेभाज्या, सगळं एकत्र. सोबत बाजरीची भाकर आणि आंबील. ते जेवण आठवलं आणि वाटलं, पौष्टिक म्हणून आपण बाजारात काय शोधत बसतो? शंभर ग्रॅम ज्वारीत साधारण दहा ग्रॅम प्रथिनं असतात आणि जवळपास तितकाच चोथा. त्या चोथ्यानं पोट बराच वेळ भरलेलं राहतं. २०२३ हे साल साऱ्या जगानं भरडधान्यांचं वर्ष म्हणून पाळलं, आणि आमच्या घरात ज्वारी फक्त मोठ्यांच्या ताटात उरली होती.

आता डब्यात कधी धपाटे असतात, कधी मोड आलेल्या मटकीची उसळ आणि पोळी, कधी कांदा-शेंगदाणे घालून मुरमुऱ्यांचा सुशीला. सगळे दिवस साधत नाही. आठवड्यात एखाद्या दिवशी अजूनही बिस्किटं जातात. त्याचं मनाला लावून घेणं मी सोडलंय. चार दिवस नीट जमले तरी खूप झालं.

ताटाचा हिशोब सोपा ठेवला. अर्ध्या ताटात भाजी आणि कोशिंबीर. उरलेल्या अर्ध्यात भाकर किंवा भात एका बाजूला, वरण, उसळ नाहीतर अंडं दुसऱ्या बाजूला. भाकर चांगली म्हणून चार खायच्या, असंही नाही. शेंगदाण्याची चटणी आपल्या सगळ्यांचा जीव की प्राण, पण तिच्यावर तेल ओतताना हात जरा आखडता घ्यायचा. तळण सणावाराला. सीताफळ मात्र मी बंद केलं नाही. आपल्या बालाघाटच्या डोंगरातलं सीताफळ, बीडच्या नावानं २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळवलेलं, ते लेकरानं नाही खायचं तर कुणी? एक फळ, बिया काढत, सावकाश. रस काढून साखर घालून नाही.

पण सगळ्यात मोठी चूक दुसरीच होती. ती ताटाची नव्हती, बोलण्याची होती.

डॉक्टरांकडून आल्यावर पहिले आठ-दहा दिवस मी फक्त त्याच्यापुरतं सगळं बदललं. त्याला कोशिंबीर, आम्हाला भजी. तो एक शब्द बोलला नाही. एका रात्री उशीखाली फरसाणाची पुडी सापडली. मला राग आला आणि दुसऱ्याच क्षणी पोटात खड्डा पडला. माझ्या लेकराला माझ्याच घरात चोरून खावं लागत होतं.

त्या रात्री नवरा म्हणाला, "फरसाण मी आणतो. मग त्याला कसं नाही म्हणायचं?" दुसऱ्या दिवसापासून फरसाणाचा डबा घरातून गेला, सगळ्यांसाठी. आता जे ताट त्याचं, तेच आमचं. लेकराला वेगळं काढलं की त्याला वाटतं, शिक्षा मिळाली. सगळे एकाच ताटातलं जेवले की ती घरची रीत होते.

त्याच्या देखत वजनाबद्दल बोलणंही थांबवलं. लग्नात, बसमध्ये, दारात कुणीही म्हणतं, "किती सुटलाय गं!" लोक मायेनंच म्हणतात, पण लेकरू ते मनात घेऊन घरी येतं. मी आता हसून एवढंच सांगते, "वाढीचं वय आहे, मावशी." आणि त्याचा हात धरते. आधी मी गप्प बसायचे. त्याला ते गप्प बसणंही लागत असणार.

आणखी एक सवय आपली सगळ्यांची. मार्क चांगले पडले, पावभाजी. इंजेक्शन घेतलं, चॉकलेट. रडू आलं, कुरकुरे. मग प्रत्येक भावनेला खाणं हेच उत्तर, असं लेकरू शिकतं. आता बक्षीस म्हणून आम्ही रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत खंडेश्वरीच्या देवळात चालत जातो. आपल्याकडं उन्हाळ्यात संध्याकाळी सहाशिवाय पोराला बाहेर सोडता येत नाही, हे मान्य. पण दिवसाला तासभर तरी अंगातून घाम निघेल असं खेळणं मुलांना लागतंच. क्रिकेट, लपाछपी, सायकल, काहीही चालेल. दळण आणायला सायकलवर पाठवलं तरी तेवढं अंग हलतं.

जेवताना मोबाइल बंद केला, तेव्हा दोन दिवस घरात रडारड झाली. मोबाइल बघत जेवताना पोट भरल्याचं कळतच नाही. पोटातून मेंदूला निरोप पोचायला वीसेक मिनिटं लागतात, तोवर तीन पोळ्या जास्त जातात. नियम आमच्या दोघांनाही लागू आहे, आणि आम्हालाच तो जड गेला. झोपही लवकर आणली. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप हवी. झोप अपुरी झाली की भूक वाढते आणि गोडाकडंच धावते.

आता वर्ष होत आलंय. वजन फार उतरलं नाही, पण थांबलंय. उंची पाच-सहा सेंटिमीटर वाढली. तक्त्यावरचं टिंब रेषेच्या जवळ आलंय. मानेवरचा पट्टा थोडा फिकट झालाय, गेलेला नाही. या दिवाळीत मी तिथं उटणं नुसतं लावलं, घासलं नाही.

सासूबाईंचं मात्र मला कुतूहल होतं. त्या एका वेळेनंतर त्यांना मी पुन्हा काहीच सांगितलं नव्हतं. फक्त एकदा त्या नातवाला सुकडीची गोष्ट सांगत होत्या, तेव्हा त्यानं विचारलं, "आजी, तेव्हा तुला कुणी विचारायचं का, तुझं पोट भरलं का म्हणून?" त्या बराच वेळ बोलल्या नाहीत.

परवा रात्री जेवताना त्यांचा हात भाकरीच्या दुरडीकडं गेला. नेहमीचं "अजून अर्धी घे की रे" ओठावर आलं असणार. पण त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "भूक हाय का रे अजून?"

त्यानं जरा विचार केला. म्हणाला, "नाही आजी. भरलं."

त्यांनी भाकर दुरडीत परत ठेवली आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

आज रात्री तुम्हीही वाढताना एकदा विचारून पाहा. उत्तर 'हो' आलं तर आनंदानं वाढा. 'नाही' आलं तर तेही आनंदानं ऐका.