नेट घेण्याआधी गच्चीवर जाऊन या

धायरीला राहायला आल्यावर घरी नेट घ्यायचं ठरलं, तेव्हा टेबलावर तीन पत्रकं होती. त्यातलं सगळ्यात स्वस्त होतं एका स्थानिक केबलवाल्याचं. 200 एमबीपीएस, राउटर फुकट, आणि वर्षाचे पैसे एकदम भरले तर दोन महिने वर. मी घरून लोकांच्या हिशेबाची आणि जीएसटीची कामं करते. मुलाचं इंजिनिअरिंग चालू आहे, सासूबाईंना मालिका लागतात, यजमानांना क्रिकेट. वर्षाच्या रकमेला चौदाने भागलं, आकडा आवडला आणि पैसे भरून टाकले. पावसाळा लागेपर्यंत सगळं उत्तम चाललं होतं.

जुलैत, जीएसटीचं 3-बी रिटर्न भरायची 20 तारीख तोंडावर आलेली असताना, भिंतीवरच्या पांढऱ्या डब्यातला ‘एलओएस’चा दिवा लाल झाला. हा दिवा लाल झाला की समजायचं, फायबरमधून प्रकाशच येत नाहीये. मग राउटर कितीही वेळा बंद-चालू करा, काही फरक पडत नाही. फोन केला, तर “ताई, उद्या मुलगा पाठवतो.” तो उद्या काही लवकर उगवला नाही. उशीर झाला तर दिवसाला 50 रुपये लेट फी, आणि ती अशिलाच्या माथी मारता येत नाही, म्हणून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर रात्री जागून सगळे रिटर्न भरले.

शेवटी दुरुस्तीवाला मुलगा आला, तेव्हा मीही त्याच्यामागे गच्चीवर गेले. आमची वायर समोरच्या इमारतीवरून हवेतून येत होती. ती पाण्याच्या टाकीच्या पाइपला सुतळीने बांधलेली होती. डिशच्या जुन्या स्टँडवर घासून घासून तिची काळी साल निघाली होती आणि आतला पांढरा धागा दिसत होता. त्याने तेवढा भाग कापला, जोड दिला, वर टेप गुंडाळली आणि म्हणाला, “वारा सुटला की परत जाईल बघा.” गेलंच. दिवाळीच्या सुमारास त्या केबलवाल्याने आपला एरिया दुसऱ्याला देऊन टाकला. नव्या माणसाने हात वर केले, जुन्याने फोन उचलणं सोडलं. उरलेल्या महिन्यांचे पैसे बुडाले.

आता सोसायटीत कुणी नेटबद्दल विचारलं, की मी आधी गच्ची आणि जिना बघून यायला सांगते. वायर पाइपातून येते की लोंबकळत येते, ते डोळ्यांनी पाहा. फायबर थेट घरात येणार का, हेही विचारा. काही जण फायबर इमारतीतल्या पेटीपर्यंतच आणतात आणि पुढे तांब्याची लॅन केबल ओढतात. त्या पेटीची वीज गेली की तुमच्याकडे इन्व्हर्टर असूनही नेट बंद. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाण्याची सवय आहेच. शिवाय पावसाळ्यात विजा चमकल्या की तांब्याच्या केबलमधून येणाऱ्या झटक्याने राउटर जळतात. काचेच्या फायबरमधून वीज वाहत नाही. शेजाऱ्यांना ‘स्पीड कसा आहे’ हे विचारूच नका. ‘बंद पडलं की माणूस किती दिवसांनी येतो’ हे विचारा, आणि निदान तीन घरी विचारा.

मग हिशेब. पत्रकावरचा आकडा बहुधा कर सोडून असतो. 399 च्या प्लॅनवर 18 टक्के जीएसटी धरला की 471 होतात, 999 चे 1,179. त्यात जोडणीचे पैसे, डबा आणि राउटरची अनामत मिळवा आणि पूर्ण वर्षाची बेरीज करा. मग तीन पत्रकं शेजारी ठेवा. स्वस्त-महागाचा क्रम पुष्कळदा बदलतो. ‘ओटीटी फुकट’ असेल, तर तोच प्लॅन ओटीटीशिवाय केवढ्याला मिळतो ते विचारा. फरक म्हणजे त्या फुकटची किंमत. वर्षाचे पैसे आगाऊ भरायचेच असतील, तर एक पावसाळा महिन्या-महिन्याने काढून मग भरा.

स्पीडच्या मागे फार धावू नये, असं माझं मत झालं आहे. एमबीपीएसमधला आकडा मेगाबिटचा असतो; फाइल किती वेगाने उतरेल ते काढायला त्याला आठने भागायचं. म्हणजे 100 च्या प्लॅनवर सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा एमबी. नेटफ्लिक्स स्वतः फुल एचडीसाठी 5 आणि फोर-केसाठी 15 एमबीपीएस पुरे म्हणतं. चार माणसांच्या घराला 100 भरपूर होतात. तेवढे मिळत नसतील, तर दोष बरेचदा त्या फुकट राउटरचा असतो. फक्त 2.4 गिगाहर्ट्झवर चालणारा राउटर, त्यात शेजारपाजारच्या वायफायची गर्दी, मग 200 चा प्लॅन असूनही मोबाइलवर 40 च दिसतात. दोन बँडचा राउटर मागा. 5 गिगाहर्ट्झ वेगवान असतं, पण भिंती ओलांडताना दमतं, म्हणून राउटर घराच्या मध्यावर बसवून घ्या. कंपनीशी भांडण्याआधी लॅपटॉपला केबल लावून स्पीड मोजा. घरून काम करणाऱ्यांनी अपलोडचा वेगही विचारावा. व्हिडिओ मीटिंगमध्ये आपला आवाज तुटतो तो तिथेच.

वायरच नको म्हणणाऱ्यांसाठी 2023 पासून एअरटेल आणि जिओचं एअरफायबर आलं आहे. घराबाहेर एक अँटेना बसवतात, ती 5जी टॉवरकडून सिग्नल घेते. जिथे फायबर पोचलेलं नाही, अशा वाडीवस्तीवर किंवा फार्महाउसवर हा चांगला पर्याय आहे. पण टॉवर सगळ्यांचा असतो, त्यामुळे संध्याकाळी गर्दी झाली की वेग उतरतो. मर्यादाही वेगळी. फायबरच्या ‘अनलिमिटेड’ प्लॅनमध्ये साधारण 3,300 जीबीनंतर वेग कमी होतो, एअरफायबरमध्ये 1,000 जीबीनंतरच. फोर-के चित्रपट तासाला 7 जीबीपर्यंत खातो, म्हणजे रोज पावणेपाच तास टीव्ही लावला की महिन्याचा कोटा संपला.

स्थानिक केबलवाला वाईटच, असं मात्र म्हणणार नाही. माझ्या बहिणीकडचा रात्री दहालाही स्कूटरवरून येतो, आणि मोठ्या कंपनीच्या ॲपवर तक्रार ‘सोडवली’ दाखवूनही नेट बंद असलेली घरं मी पाहिली आहेत. फक्त पावतीवर परवाना असलेल्या कंपनीचं नाव आहे का ते बघा. नुसत्या वहीच्या पानावरची सही पुढे कामाला येत नाही. तक्रार केली की तिचा नंबर लिहून घ्या. तोडगा निघाला नाही तर कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या नियमाने ती सोय ठेवावीच लागते. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915. कनेक्शन बंद करताना डबा परत दिल्याची पावती घ्या, नाहीतर अनामत अडकते.

मी आता 100 चं फायबर घेतलं आहे, आधीपेक्षा महाग, महिन्याच्या बोलीवर. राउटरला छोटा यूपीएस लावला आहे आणि हॉटस्पॉटपुरता मोबाइलचा डेटा राखून ठेवते. ज्यांचं पोट नेटवर आहे, त्यांनी स्पीडपेक्षा दुरुस्तीला चार पैसे जास्त मोजावेत. ज्यांचं नेट बंद पडलं तर फक्त एक मालिका बुडते, त्यांनी खुशाल सगळ्यात स्वस्त प्लॅन घ्यावा.