सियागंज : कानांनी केलेला अभ्यास

शहर पाहायला निघालेला माणूस डोळे उघडे ठेवतो; कानही उघडे ठेव, असे त्याला कोणी सांगत नाही. मागील सुट्टीत इंदूरला मामांकडे गेलो असता मी उलटा प्रयोग करून पाहिला. रेल्वे स्टेशनजवळच सियागंज ही किराणा मालाची मोठी घाऊक पेठ आहे. तेथे ओळखीच्या दुकानाच्या पायरीवर वही घेऊन बसलो आणि जे ऐकू येईल ते लिहीत गेलो.

पहिल्या पानावर फक्त हॉर्न उतरले. तासाभराने मात्र गोंगाटाचे पदर सुटू लागले. शटर उघडल्याचा खडखडाट, हातगाडीच्या चाकांची कुरकुर, भावाची घासाघीस, मधूनच रेल्वेची शिटी. साखरेचे पोते धप्पकन पडते, मिरचीचे नुसते खसखसते. न पाहताही माल ओळखता येऊ लागला!

अशा ऐकण्याला शास्त्राचे रूप दिले ते कॅनडाचे संगीतकार मरे शेफर यांनी. १९६०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी सायमन फ्रेझर विद्यापीठात हे संशोधन सुरू केले आणि १९७७ साली त्यावर ग्रंथ लिहिला. एखाद्या ठिकाणच्या सर्व आवाजांना मिळून ते ‘साउंडस्केप’ म्हणतात. आपण ‘ध्वनिपरिसर’ म्हणू. त्यात ते तीन प्रकार मानतात. तंबोऱ्यासारखा सतत मागे असणारा तो आधारध्वनी. लक्ष वेधून घेणारा तो संकेतध्वनी. आणि त्या जागेची ओळखच बनलेला तो खूणध्वनी. सियागंजात वाहनांची घरघर पहिल्या प्रकारात बसते, तर हमालाची ‘बाजू, बाजू’ ही हाक दुसऱ्या.

या हाकेविषयी एका वयस्क हमालाला विचारले. तो म्हणाला, “बाबूजी, पीठ पर बोरी हो तो गर्दन नहीं घूमती. पीछे का हाल कान ही बताता है.” थोड्याच वेळात माझ्यासमोर एका स्कूटरवाल्याला अशीच हाक ऐकू गेली नाही. पोते कलंडले; माणूस थोडक्यात बचावला.

२०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार व्यापारी भागात दिवसा ६५ आणि रात्री ५५ डेसिबल ही मर्यादा आहे. दहा डेसिबल वाढले की ध्वनीची तीव्रता दसपट होते, हे लक्षात घेता मोजणी हवीच. पण यंत्र हॉर्न आणि हाक यांची बेरीज करते. हॉर्नखाली हाक बुडाली काय, हे ते सांगत नाही. ते कानांनाच ऐकावे लागते. आवाज किती, याबरोबरच कोणाचा आवाज दबला, हाही अभ्यासाचा प्रश्न आहे.

येथे कुमार गंधर्वांची आठवण होते. बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावीचे हे कन्नड सुपुत्र क्षयाच्या आजारामुळे १९४८ साली इंदूरजवळच्या देवासला गेले. गाणे बंद असताना माळव्याची लोकगीते त्यांच्या कानांवर पडत राहिली. त्याच लोकधुनांतून त्यांनी पुढे ‘धुनउगम’ राग घडविले. आपल्याला राग घडविणे जमणार नाही. परंतु आपल्या गावच्या बाजारात तासभर वही घेऊन बसणे खचित जमेल. विद्यार्थी मित्रांनी हा प्रयोग अवश्य करून पाहावा, आणि पहिल्या पानावर थांबू नये.