एकाच नाकपुडीचं दुखणं

सर्दी बहुधा दोन्ही नाकपुड्यांना होते, ॲलर्जीही तशीच. म्हणून एकच नाकपुडी आठवडेच्या आठवडे चोंदलेली राहिली, त्याच बाजूने घोळणा फुटू लागला, गाल बधिर वाटू लागला किंवा त्या बाजूच्या डोळ्यातून सारखं पाणी गळू लागलं, तर वाफ आणि थेंब बाजूला ठेवून कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावं. वरची दाढ उगाच हलायला लागली किंवा एकाचे दोन दिसू लागले, तर एक दिवसही थांबू नये.

मिरजेच्या माणसाला दवाखाने नवे नाहीत. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी इथे १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केलं, १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं. जत, अथणीकडची माणसं उपचारांसाठी इथंच येतात. तरीही माझ्या थोरल्या वहिनींचं निदान लांबलं. ‘नाकात मांस वाढलंय’ असं सांगून ते काढलं गेलं. काढलेला तुकडा तपासणीला मात्र गेला नाही. मांस पुन्हा वाढलं, तेव्हा कुठे नवा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली आला आणि अहवालात सार्कोमा हा शब्द दिसला.

सार्कोमा म्हणजे स्नायू, चरबी, रक्तवाहिन्या अशा मऊ ऊतींतून उठणारा कर्करोग. नाकात आणि सायनसमध्ये तो फारच क्वचित होतो, आणि म्हणूनच तो ओळखणं अवघड असतं. ‘बायफेनोटिपिक’ नावाचा त्याचा एक प्रकार तर २०१२ मध्ये पहिल्यांदा वेगळा नोंदवला गेला. तो पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त आढळतो. मज्जातंतू आणि स्नायू या दोन्हींच्या खुणा त्याच्या पेशींत सापडतात. वाढतो सावकाश, दूर सहसा पसरत नाही, पण त्याच जागी परत येण्याची त्याची खोड आहे. म्हणूनच काढलेला प्रत्येक तुकडा तपासणीला गेला का, हे रुग्णाने किंवा नातेवाइकांनी विचारलंच पाहिजे. त्यात डॉक्टरांवर अविश्वास दाखवल्यासारखं काही नाही.

तुकड्याच्या काचपट्ट्या आणि मेणाचे ठोकळे प्रयोगशाळेतून मागून घ्यावेत. गाठ दुर्मीळ असली, तर परळच्या टाटा स्मारक रुग्णालयासारख्या ठिकाणी त्या पुन्हा पाहून घेणं फार मोलाचं, कारण उपचार नावावरून ठरतात. मुलांतल्या रॅब्डोमायोसार्कोमा या प्रकारात केमोथेरपीला मोठं स्थान असतं. मोठ्यांतल्या बऱ्याच सार्कोमांत आधी शस्त्रक्रिया आणि गरजेप्रमाणे किरणोपचार. हाड कुठवर पोखरलंय हे सीटी स्कॅन दाखवतो. गाठ डोळ्याकडे किंवा मेंदूकडे सरकली आहे का, ते एमआरआय. वयात येणाऱ्या मुलाच्या नाकातून वारंवार रक्त येत असेल, तर स्कॅनआधी तुकडा काढायची घाई नको. ती अँजिओफायब्रोमा ही कर्करोग नसलेली गाठ असू शकते, आणि ती भयंकर रक्तस्राव करते.

मिरजेत आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. सतारमेकर गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या तुणाच्या लाकडातून सतार आणि तंबोरे घडतात. या कामात लाकडाची धूळ उडतेच. इंग्लंडमधल्या हाय वायकोम्ब भागात फर्निचर बनवणाऱ्या कामगारांना नाकाचा एक कर्करोग जास्त होतो, हे एस्मे हॅडफील्ड या शल्यविशारद बाईंच्या नजरेत आलं आणि १९६०च्या दशकात ते अभ्यासातून सिद्ध झालं. तो सार्कोमा नव्हे, ॲडेनोकार्सिनोमा. पुढे १९९५ मध्ये लाकडाच्या भुशाची धूळ कर्करोगकारक ठरवली गेली. याचा अर्थ आपले कारागीर आजारी आहेत असा नाही. पण घासकाम करताना धूळ रोखणारा चांगला मास्क लावावा, धूळ खेचणारं यंत्र असावं, आणि जमीन कोरड्या केरसुणीने झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी.

शस्त्रक्रियेनंतर वहिनींची दुर्बिणीने तपासणी आणि एमआरआय चालूच आहेत, आणि बरं वाटतंय म्हणून त्या ते चुकवत नाहीत. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला शस्त्रक्रियेच्या आधी भेटावं, कारण मंजुरी आधी लागते.